धड्याचं वजन

मित्रांनो, मी एक जुना धडा आहे. भल्याभल्यांना मी तोललं आहे आणि न्यायाची दांडी माझ्यामुळे सरळ राहिली आहे. तुम्ही वह्या उघडायच्या आत सांगून टाकतो: पुस्तकातला नव्हे. मी दगड आहे.

पांझरा नदीच्या पात्रात घासून घासून मी पेरूएवढा झालो. तिथून शेवंताबाईंनी मला उचललं आणि पिंपळनेरच्या आठवडे बाजारात मधाच्या दुकानी लावलं. गिऱ्हाईक घरून भांडं आणायचं. रिकामं भांडं एका पारड्यात, दुसऱ्यात मी आणि लागतील तेवढे खडे. दांडी सरळ झाली की धडा झाला. मग भांड्यात मध ओतायचा आणि माझ्या शेजारी वजनं ठेवायची. भांडं केवढं, धडा केवढा, कुणी विचारत नसे. दोन्ही सारखे, म्हणून दोन्ही बाद! “बाईचा धडा चोख,” असं लोक म्हणत, तेव्हा मी फुगत असे. दगडाला जमेल तेवढा. पण चाळीस वर्षांत माझं स्वतःचं वजन कुणी पाहिलं नाही. मलाही ते ठाऊक नव्हतं.

पुढे बटणाचा काटा आला. बटण दाबलं की भांड्याचं वजन शून्य. माझी बदली कोंबड्यांच्या डालग्यावर झाली. बढती नव्हे, पण जागा उंच होती.

तिथूनच एका रविवारी मी शेवंताबाईंच्या नातीला, सातवीतल्या रेशमाला, रडताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला फळ्यापाशी तिची पाळी होती.

“आजी, माले शाळामा जानं नही. कधीच नही.”

“काय जयं व?”

“क्ष कितला शे ते कोणलेच माहीत नही, आन सर मालेच इचारतस!”

शेवंताबाई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्यांनी जुना तराजू काढला, मला डालग्यावरून उचललं आणि एका पारड्यात ठेवलं. माझ्याजवळ दोनशेचं वजन, समोर पाचशेचं. दांडी सरळ.

“आते सांग, दगड कितला शे?”

“ते दोनशे काढी टाकू?”

“काढ. पन दांडी वाकडी व्हयनी, तर मी आयकाव नही.”

रेशमाने दोनशे काढलं. मी खट्‌दिशी वर गेलो. ती थबकली. मग तिने पाचशेच्या जागी दोनशेची दोन आणि शंभराचं एक ठेवलं, आणि त्यातलं एक दोनशे उचललं. मी हळूच खाली आलो. दांडी सरळ झाली.

“तीनशे! आजी, क्ष तीनशे शे!”

मित्रांनो, म्हातारपणी मला माझं वजन कळलं. डालग्यावर परत ठेवल्यावरही मी ते मनाशी घोकत होतो. पण सकाळी रेशमाने मला दप्तरात घातलं आणि शाळेत नेलं.

नवल सरांनी फळ्यावर लिहिलं: क्ष + ५ = १२.

“तीनशे!” रेशमा ओरडली.

वर्ग फिदीफिदी हसला. ती मागे वळली, दाराकडे निघाली.

“थांब,” सर म्हणाले. “तीनशे कुठून आणलेस, बाई?”

तिने मला टेबलावर ठेवलं आणि रडवेल्या आवाजात रविवारची हकीकत सांगितली. सर हसले नाहीत.

“कालचा क्ष तीनशेच होता. पण आज पारड्यात दुसरा दगड आहे. आजीने काय केलं असतं?”

रेशमा फळ्याकडे वळली. मग तिने खडू घेतला, दोन्ही बाजूंतून पाच वजा केले आणि लिहिलं: क्ष = ७. मागच्या बाकावरची मयुरी म्हणाली, “आमलेबी दगड आनना पडी का, सर?”

माझा तीनशे ग्रॅमचा अभिमान तिथेच उतरला. क्ष हे माझं एकट्याचं नाव नाही. ज्याचं वजन अजून कळलेलं नाही, तो प्रत्येक जण क्ष. त्याला भिऊ नका, मित्रांनो. एका बाजूतून जे काढाल तेच दुसऱ्या बाजूतूनही काढा. तो आपण होऊन एकटा पडतो आणि बोलतो.

आता मी रोज शाळेत जातो. तक्रार नाही. फक्त रेशमाला कुणीतरी सांगा, मला डब्यावर ठेवू नकोस. काल भाकरीचा चुरा झाला.