वर जायचं तर वजा

कॉम्प्युटरच्या सरांना दुसरी नोकरी लागली आणि त्यांचा गेम बनवायचा क्लब गणिताच्या बाईंच्या गळ्यात पडला. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्हाला काय अवघड आहे? शेवटी सगळं गणितच!" बाईंनाही ते पटलं. गणित सोडून जगात दुसरं काही असतं, हे त्यांना मुळी मान्यच नव्हतं.

शिवाय क्लबात त्यांची लेक होती. बाकीची पोरं तिच्याच वर्गातली, पण क्लबात आत्ताच नव्याने आलेली. जुनी अशी ती एकटीच. सहामाहीच्या पेपरानंतर तिने बाईंना घरीसुद्धा 'बाई' म्हणायला सुरुवात केली होती. शाळेत आई म्हणायचं नाही, हा नियम बाईंचाच. पण घरी जेवताना "बाई, मीठ द्या" ऐकलं की त्यांना जेवणच अळणी लागायचं. झालं होतं एवढंच: लेकीने आलेखात वाय-अक्ष खाली वाढवत नेला होता, आणि बाईंनी तो पेपर वर्गापुढे फडकावून "डोकं उलटं बसवलंय का?" असं विचारलं होतं. वर्ग पोट धरून हसला होता. निदान क्लबात तरी पोरगी धड बोलेल, या आशेवर बाईंनी हे काम घेतलं.

पहिल्याच दिवशी नव्या मशीनवर लायब्ररी बसवायची होती. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला आयता कोड. खिडकी उघडणं, चेंडू काढणं, कुठली कळ दाबली ते ओळखणं, सगळं त्यात तयार. बाईंनी सूचना ओळीने वाचल्या. नेट मध्येच रुसलं, एका मशीनने तर चक्क हात वर केले, पण अखेर सगळ्या पडद्यांवर पिवळा चेंडू आला. बाईंची मान ताठ झाली.

"आता वरचा बाण दाबला की चेंडू उडी मारेल. वर जायचं म्हणजे वायमध्ये काय करायचं?"

"अधिक!" पोरं ओरडली.

बाईंनी अधिक केलं, बाण दाबला. चेंडू खाली गेला. पुन्हा दाबला, तर तो पडद्याच्या तळाशी पार नाहीसाच झाला.

"लायब्ररी बिघडलेली आहे," बाईंनी निकाल दिला. आपलं चुकलं असेल ही शंका त्यांना शिवलीसुद्धा नाही. सगळ्यांना ती काढून पुन्हा बसवायला लावली. नेट परत रुसलं. चेंडू परत आले आणि एकजात खाली पडले.

"बाई, यांना खालीच बरं वाटतंय," वर्गातला बडबड्या म्हणाला.

कोपऱ्यातल्या एकाच पडद्यावर चेंडू टणाटण वर उडत होता. तो पडदा लेकीचा. बाई तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"कसं जमवलंस?"

"तुम्हाला चालणार नाही, बाई. पेपरात चाललं नव्हतं."

तिच्या ओळीत अधिकच्या जागी वजा होतं. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

"पडद्याची मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून होते," लेक मान खाली घालून म्हणाली. "जितकं खाली, तितका वाय मोठा. सरांनी शिकवलं होतं. तीच सवय लागली, म्हणून पेपरात..."

बाईंच्या आता ध्यानात आलं: पोरगी घरी तासन्‌तास कॉम्प्युटरपुढे बसायची, आणि काय करतेस म्हणून आपण एकदाही विचारलं नाही. त्या फळ्याकडे गेल्या आणि खडूने खाली वाढणारा वाय-अक्ष काढला.

"ऐका रे सगळ्यांनी. पडद्यावर हा असा असतो. हे मला माहीत नव्हतं, तिला होतं. पेपरातले मार्क मिळणार नाहीत, तिथे अक्ष वरच जातो. पण डोकं उलटं म्हणाले, ते साफ चुकलं माझं. तुमच्यासमोर म्हणाले होते, म्हणून हेही तुमच्यासमोर."

एवढं बोलून त्या तरातरा आपल्या मशीनपाशी आल्या, ओळ खोडली, घाईघाईने नवी लिहिली आणि बाण दाबला. चेंडू खाली.

"अगं आई, परत अधिकच लिहिलंस तू!" लेक कोपऱ्यातून ओरडली, आणि तिने जीभ चावली.

बडबड्या थोडाच संधी सोडतोय! "बाई, शाळेत आई म्हणायचं नाही ना?"

"तू तुझा चेंडू बघ," बाई म्हणाल्या. त्यांना पडदा धड दिसत नव्हता. "इकडे ये गं. वजा कुठे घालायचं, दाखव मला."