बीकरची पूजा

आधीच सांगते, माझा देवाबिवावर विश्वास नाही. पण दोन स्फटिक वाया गेल्यावर माणूस कशालाही हात जोडतो.

मी डब्लिनमध्ये बोरेटचे स्फटिक वाढवते. बोरेट बनतं बोरिकपासून, म्हणजे आपली कॅरमवर टाकायची पावडर, तीच. तिच्यापासून दाट द्रावण करायचं, त्यात बी म्हणून स्फटिकाचा इवलासा खडा दोऱ्याने सोडायचा आणि चाळीस दिवस हळूहळू गार करायचं. धक्का नको, धूळ नको, झाकण उघडणं तर नकोच नको. मग स्फटिकाचा कडकपणा मोजायचा, त्यातून लेझर सोडायचा, पीएचडी घ्यायची. दोन्ही वेळा महिनाभरात तळाशी बारीक खडे साचले आणि सगळ्याचा सत्यानाश झाला. स्कॉलरशिप डिसेंबरात संपणार होती.

तिसऱ्याचा एकतिसावा दिवस नेमका खंडेनवमीला आला. डून लेरीच्या घरून डार्टच्या लोकलने लॅबला पोचते तोच आईचा व्हिडिओ कॉल.

"शर्वाणी, आज हत्यारांची पूजा. तुझं हत्यार कुठाय?"

"आई, तो बीकर आहे."

"मग बीकरला कुंकू लाव. दोनदा नाही लावलंस, काय झालं बघितलंस ना?"

संताप आला, पण भीती जास्त वाटली. तिने पाठवलेली पुडी पर्समध्ये होतीच. कुंकू लावलं, झाकणावर अक्षता टाकल्या.

"अगं, देवाच्या डोक्यावर टाकतात, टोपीवर नाही!"

आणि मी, एमएस्सीला विद्यापीठात दुसरी आलेली बाई, झाकण उचललं. एक दाणा आत पडला. बघता बघता त्याच्याभोवती पांढरे खडे धरायला लागले. मी फोन बंद करून ढसाढसा रडले.

आमची साठीची टेक्निशियन नोरीन धावत आली. मी तांदळासकट सगळं कबूल केलं. ती पांढरीफटक पडली. मग तिने एप्रनच्या खिशातून मदर मेरीच्या आकाराची प्लास्टिकची बाटली काढली.

"नॉकच्या चर्चचं पवित्र पाणी. आधीच्या दोन्हींत टाकलं होतं गं. दोनच थेंब. तू किती काळजीत होतीस! म्हटलं, सगळं ग्रँड होईल, अगदी ठीक होईल."

तिचा गळा धरावासा वाटला. पण कुठल्या तोंडाने?

चौथा बीकर त्याच दिवशी लावला आणि कुलूपबंद केला. किल्ली दिली शेजारच्या लॅबमधल्या ओइनला, देवाचं नाव काढलं तरी ज्याचं पित्त खवळतं त्याला. चाळिसाव्या दिवशी त्यानेच झाकण उचललं. आत सुपारीएवढा, लख्ख, एकही तडा नसलेला स्फटिक.

"जीझस!" ओइन ओरडला.

नोरीनने माझ्याकडे असं बघितलं, की झालं.