झोपून जायचं तिकीट

सोमवारी सकाळी सातला नागसेनचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते आणि आई न्हाणीत माझ्या लेकीच्या, आमूच्या, अंगावर तांब्याने पाणी सोडत होती. नागसेन माझा धाकटा भाऊ. सहा वर्षं झाली, शिकागोला आहे.

"ताई, मिळाली! फर्स्ट क्लासची सीट. सोळा तारीख, मुंबईहून थेट. सगळी माइल्सवर."

त्याच्या कंपनीचं काम असं, की आठवड्यातून दोनदा विमानात बसायचं. जितका उडतो तितके मैल विमान कंपनी त्याच्या खात्यात टाकते, आणि पुरेसे साठले की त्यावर तिकीट देते. सहा वर्षांचं साठलेलं सगळं त्याने आईसाठी काढलं होतं. पण तिकीट अजून पक्कं नव्हतं. विमान कंपनीने सीट बुधवारी आपल्याकडच्या सकाळी अकरापर्यंत राखून ठेवली होती, आणि आईचा पासपोर्ट नवा झाल्यामुळे त्याचा नंबर हवा होता.

"फक्त पहिल्या पानाचा फोटो पाठव. दोन मिनिटांचं काम."

"पाठवते," मी म्हटलं.

फोटो मी तेव्हाच काढला. पाठवला मात्र नाही. महाडहून पोलादपूरची एसटी चुकेल, गाडीत बसल्यावर पाठवू, असं मनाशी म्हटलं.

आईला पहिल्यांदा नागसेनने नेलं होतं तीन वर्षांपूर्वी, साध्या तिकिटावर. खिडकीची जागा. शेजारी दोन पुरुष झोपलेले. त्यांचे गुडघे ओलांडून संडासला कसं जायचं, म्हणून आई पंधरा तास उठली नाही. उठायला लागू नये म्हणून पाणीही प्यायली नाही. उतरली तेव्हा डावा पाय कोहळ्यासारखा सुजला होता. रक्ताची गाठ. चार दिवस तिथल्या इस्पितळात काढले. परत आल्यावर महाडच्या डॉक्टरांनी तिला नाही, मलाच दम दिला, "असं बसून पुन्हा पाठवाल तर परत येईलच असं नाही."

म्हणून ही झोपून जायची सीट. श्रुतिकाचे, म्हणजे नागसेनच्या बायकोचे, दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरचं, पण तिच्या आईला व्हिसा नाकारला. आणि आमच्या वस्तीत तान्ह्या मुलाला न्हाऊ-माखू घालावं तर आईनेच. आमूला वर्षभर तिनेच घातलं.

आमू आता दीड वर्षाची आहे. तिला ताप चढला की झटका येतो. डोळे वर जातात, हातपाय ताठ होतात, ओठ निळे पडतात. आत्तापर्यंत तीनदा आला. तिन्ही वेळा मी जागच्या जागी उभी राहिले आणि आईने तिला कुशीवर केलं. डॉक्टर म्हणतात घाबरायचं कारण नाही, वय वाढलं की जातं. मी बीएस्सी बीएड आहे, मला ते समजतं. पण तिच्या कपाळाला हात लावल्याशिवाय मी घरातून बाहेर पडू शकत नाही, आणि मधल्या सुट्टीत आईला फोन केल्याशिवाय डबा उघडू शकत नाही.

आई गेली तर सहा महिने. राजेंद्र, माझा नवरा, पनवेलला नोकरीला, शनिवारी येतो. माझी शाळा कंत्राटी, सलग रजा मागितली तर दुसरी बाई तयार. उरल्या शेजारच्या ठकूबाई. त्या प्रेमळ आहेत, पण मागच्या वेळी झटका आला तेव्हा त्या चमचा घेऊन धावल्या होत्या, आमूच्या दातांत घालायला. आईने त्यांचा हात धरला म्हणून वाचलं.

सोमवारी संध्याकाळी घरी आले तर ठकूबाई ओट्यावर बसलेल्या. नागसेनने विमानाच्या सीटचा व्हिडिओ पाठवला होता, तो आईला दाखवायचा होता. आईकडे साधा फोन, त्यामुळे सगळं माझ्याच फोनवर येतं.

"फुकट नेतात?" ठकूबाईंनी विचारलं. "मैल मोजून?"

"त्याने जेवढा प्रवास केला त्याचे," मी म्हटलं.

"आमच्या ह्यांनी तीस वर्सं एसटीत कंडक्टरकी केली. महाड-बोरिवली. त्यांना काय दिलं? मूळव्याध."

आई एवढी हसली की आमूही टाळ्या वाजवायला लागली. मग आईने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. सीट आडवी होते, गादी घालतात, पांघरूण देतात, ते तिने नुसतं पाहिलं. एका ठिकाणी मात्र तिने माझा हात दाबला.

"थांबव गो. ह्ये दार हाय?"

"हो. सरकवायचं."

"म्हंजे मी एकटीच आत. कुनाला ओलांडायचं नाय."

"नाही."

"मग पानी पिता येईल," ती म्हणाली आणि आमूला उचलून आत गेली.

तेव्हा तरी फोटो पाठवायला हवा होता. मी फोन चार्जिंगला लावला.

मंगळवारी नागसेनचे दोन मेसेज आले. 'ताई, पासपोर्ट?' आणि थोड्या वेळाने, 'रेंजमध्ये आलीस की पाठव.' पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या तोंडाशी माझी शाळा आहे आणि तिथे रेंज येते-जाते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सबब त्यानेच मला देऊन ठेवली होती. मला खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं.

बुधवारी तिसरा तास सातवीचा. मुलांना गणितं घालून मी खिडकीशी उभी राहिले. फोनवर रेंजच्या तीन काड्या होत्या. एरवी कधी एवढ्या नसतात. दहा पन्नास झाले. पंचावन्न. माझा अंगठा त्या फोटोवर होता. आईचा फोटोतला चेहरा घाबरलेला दिसतो, कॅमेऱ्यापुढे ती नेहमीच तशी दिसते. मग अकरा वाजले, घंटा झाली, मुलं वह्या घेऊन टेबलाभोवती जमली.

मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. येताना एसटीत बसल्या बसल्या डोळा लागला, महाडचं स्टँड आलेलं कळलं नाही, कंडक्टरने उठवलं.

सहाला नागसेनचा फोन आला. त्याच्याकडे सकाळ होती. मी स्पीकरवर टाकला. आई मेथी निवडत होती.

"सीट गेली, ताई. दुसऱ्याने घेतली."

"हो का," मी म्हटलं.

"जाऊ दे. तुझा काय दोष, तिथे रेंज कुठे असते. मीच आधी विचारायला हवं होतं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी काही बोलायच्या आत आई फोनकडे वाकली.

"नागसेना, साधं काढ रे. मागं आलो तसं."

"आई, तुझा पाय..."

"पायाला काय होतंय. पोटुशी पोर तिथं एकटी हाय. ह्या खेपेला मोजा घालीन. आनि घोटभरसुद्धा पानी नाय प्यायची, म्हंजे उठायला नको."

"मागच्या वेळी त्यानेच झालं ना, आई!"

"तू काढ. मी येनार."

मेथीची जुडी तिने सुपात आपटली. मी तिच्याकडे बघत होते. इतके दिवस मला वाटत होतं की आईचं जाणं त्या सीटवर आहे, सीट गेली की आई राहील. आई जाणारच होती. मी फक्त तिची गादी काढून घेतली होती.

"रेंज होती," मी म्हटलं.

"काय?" नागसेन म्हणाला.

"रेंज होती. सोमवारपासून फोटो काढून ठेवलाय. मी पाठवला नाही."

आईचे हात मेथीत तसेच राहिले.

"आमूमुळे?" नागसेनने विचारलं.

"हो."

"सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर नेलं नसतंस तिला?"

"नेलंच असतं," तो म्हणाला. "पण सांगायचंस."

मग की-बोर्डचा खडखड आवाज येत राहिला. आमू माझ्या पदराला धरून उभी होती. मी सवयीने तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

"एक आहे," तो म्हणाला. "तशीच सीट, झोपून जायची. पण चार तारीख. म्हणजे पुढचा गुरुवार. बारा दिवस आधी. जमेल तुला?"

आठ दिवस. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"घे," मी म्हटलं. "आत्ता घे. फोटो पाठवते, आणि फोन ठेवू नकोस. झालं म्हणून सांग."

या वेळी दोन मिनिटंही लागली नाहीत. झालं, असं तो म्हणाला, आणि त्याला ऑफिसला उशीर होत होता म्हणून ठेवला.

आईने मेथीचे देठ कागदात गुंडाळले, हात धुतले. मला वाटलं आता बोलेल. बोललीच असती तर मी रडून मोकळी झाले असते. तिने चटई ओढली, त्यावर उताणी पडली आणि डोळे मिटले.

"आई? काय होतंय?"

"मी आमू. मला झटका आला. तू काय करशील?"

"आई, उठ ना."

"ठकूबाई चमचा घेऊन आली. चल, कर लवकर."

मी गुडघ्यांवर बसले. तिच्या खांद्याला आणि कमरेला धरून तिला कुशीवर वळवलं. ती जड होती. तिने जराही मदत केली नाही.

"तोंडात काय घालशील?"

"काही नाही."

"गळ्याचं बटन?"

मी तिच्या पोलक्याचं वरचं हूक काढलं. डावा पाय वर आला होता, घोटा अजूनही दुसऱ्यापेक्षा जाड.

"आता?"

"घड्याळ बघायचं."

"किती?"

"पाच मिनिटं. थांबला नाही तर रिक्षा, सरळ दवाखाना."

"बघ मग घड्याळ."

सहा चोवीस झाले होते. आमू आली आणि आजीच्या पोटाशी टेकून बसली. पंचवीस. सव्वीस. सत्तावीसला तिचा श्वास लांब झाला, खरोखरच झोप लागली तिला. मी हात काढला नाही. अजून दोन मिनिटं बाकी होती.