ताटावरच्या नजरा

मेसची घंटा झाली की वसतिगृहातल्या मुली जिन्यावरून धडधडत खाली उतरायच्या. धाकटी मात्र मागेच रेंगाळायची. भूक तर सकाळपासूनच लागलेली असायची. पोटातली गुरगुर शेजारच्या बाकावर ऐकू जाईल म्हणून ती तासाला पुस्तक पोटाशी घट्ट धरून बसायची. आणि तरीही "चल गं जेवायला" अशी हाक आली की तिचे पाय उचलत नसत. भूकही लागते आणि ताटाची भीतीही वाटते, हे सांगायचं तरी कुणाला?

धाकटी हे तिचं घरातलं नाव. वडील बस चालवायचे, आई घरीच शिवणकाम करायची आणि दोन्ही भाऊ कारखान्यात कामाला. प्रत्येकाला आपापली पाळी गाठायची असायची, त्यामुळे त्या घरात सगळे एकत्र, भराभर आणि पोटभर जेवत. धाकटीने दुसऱ्यांदा भात मागितला नाही तर आई तिच्या कपाळाला हात लावून बघायची, ताप तर नाही ना! कॉलेजला जाणारी ती घरातली पहिलीच. निघताना वडील एवढंच म्हणाले होते, "अभ्यास कर, आणि खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस."

पहिल्याच दिवशी ती मेसमध्ये लांबलचक टेबलाच्या कडेला बसली आणि घरच्यासारखीच जेवू लागली. समोर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बसली होती. सगळ्या तिला ताई म्हणत.

"अगं हळू! ताट काही पळून जात नाही!" ताई म्हणाली आणि टेबलावर हशा पिकला.

धाकटीही हसली. पण ती पुन्हा भात घ्यायला उठली तेव्हा ताईने शेजारणीला कोपराने ढोसलेलं तिने पाहिलं. "ही बघ, डबल निघाली!"

झालं! त्या दिवसापासून तिचं नाव पडलं डबल.

ताई काही दुष्ट नव्हती. घरच्या आठवणीने रडणाऱ्या नव्या मुलींना तीच जवळ घेऊन बसायची. तिने आपली जुनी पुस्तकंही धाकटीला देऊन टाकली होती. म्हणूनच तर तिचं बोलणं जास्त लागायचं. परक्याने टोचलं तर माणूस झटकून टाकतो, आपल्या माणसाचं आत रुतून बसतं.

धाकटी कमी घेऊ लागली. इतरांचे घास बघून आपला घास लहान करू लागली. दोन घासांमध्ये मुद्दाम पाणी प्यायची. भूक तशीच घेऊन उठायची आणि मग न्हाणीघराचा नळ सोडून, पुड्याची चुरचुर त्या आवाजात बुडवून, भिंतीकडे तोंड करून बिस्किटं खायची. चोरी केल्यासारखी! आईचा फोन आला की म्हणायची, "जेवले गं, अगदी पोटभर." वजन उतरलं, चिडचिड वाढली. पान समोर असूनही त्यावरची अक्षरं डोक्यात शिरेनात.

अशात तिच्या खोलीत एक नवी मुलगी आली. उशिरा प्रवेश मिळालेली, जाड चष्म्याची, अबोल. तिची तऱ्हा अगदी उलटी. भात वेगळा, भाजी वेगळी, एकेक घास कितीतरी वेळ चावायची. सगळ्यांची ताटं उचलली जायची तेव्हा हिचं निम्मंसुद्धा झालेलं नसायचं. टेबलावरच्या नजरा हळूहळू तिच्याकडे वळल्या.

खरं सांगायचं तर धाकटीला सुटल्यासारखं वाटलं. आपल्यावरची नजर हटली ना, मग हटलेलीच राहू दे! एक दिवस सगळ्या चष्मेवालीकडे बघत असताना तीच मोठ्याने बोलून गेली, "मुंगी कशी दाणा ओढत असते, तसं चाललंय बघा हिचं."

टेबल गदगदून हसलं. ताईने तर तिच्या पाठीवर थापच मारली. त्या दिवसापासून चष्मेवालीचं नाव पडलं मुंगी. ती मान खाली घालून उठली आणि भरलं ताट तसंच ठेवून निघून गेली. धाकटीला आतून कसंसंच झालं, पण त्या दुपारी पहिल्यांदाच तिच्या भाताकडे कुणी पाहिलं नाही.

आणि मग ते प्रॅक्टिकल आलं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोघी एकाच टेबलाशी होत्या. बर्नरवर पाणी उकळत होतं. धाकटीने सकाळी नुसता चहा घेतला होता. आदल्या दिवशीही जेवणाच्या नावाने आनंदच होता. अचानक काचेच्या नळ्या तिच्या डोळ्यांपुढे तरंगू लागल्या, कानात शिट्टी वाजू लागली आणि ती थेट पेटत्या बर्नरवर झुकली.

"अगं!" चष्मेवालीने तिला दोन्ही हातांनी मागे खेचलं. उकळत्या पाण्याचं भांडं कलंडलं आणि पाणी चष्मेवालीच्याच मनगटावर सांडलं!

धाकटीला शुद्ध आली तेव्हा ती कॉलेजच्या दवाखान्यात पडलेली होती. शेजारच्या खाटेवर चष्मेवाली हाताला मलम लावून बसली होती.

डॉक्टरबाई नाडी बघत म्हणाल्या, "काय खाल्लंस आज?"

"खाल्लं की. नाश्ता."

"खोटं," चष्मेवाली शांतपणे म्हणाली. "ती जेवतच नाही. न्हाणीघरात बिस्किटं खाते. नळ सोडला तरी मला ऐकू येतं."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सगळंच बाहेर पडलं, रडत, हुंदके देत. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मेवालीकडे वळून विचारलं, "आणि तू? तूही काही फार जेवतेस असं दिसत नाही."

"लहानपणी मोठं दुखणं झालं होतं. तेव्हापासून हळूच खावं लागतं. घरी बाबा माझं जेवण होईपर्यंत शेजारी पेपर वाचत बसायचे. इथे सगळ्या बघत बसतात. म्हणून मी उठते."

"वा!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक जास्त खाते म्हणून उपाशी, दुसरी हळू खाते म्हणून उपाशी. आणि तिकडे मेसमध्ये अन्न उरतंय! अगं, प्रत्येकाची उंची वेगळी, चष्म्याचा नंबर वेगळा, मग भूक का सारखी असेल? परीक्षेत दुसरीच्या पेपरात डोकावलेलं चालत नाही ना? मग दुसरीच्या ताटात कशाला डोकावता?"

"पण त्या हसतात," धाकटी पुटपुटली. "हसणाऱ्यांना कोण सांगणार?"

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. "मुंगी हे नाव कुणी ठेवलं, ते विचारा तिला," ती म्हणाली.

त्या मनगटावरच्या लालभडक चट्ट्याकडे धाकटीला बघवेना. आपल्याला जे सोसवत नव्हतं, तेच आपण हिच्या ताटात वाढलं! आणि हिने मात्र आपल्याला आगीतून ओढून काढलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी बरोबरच मेसमध्ये गेल्या. पहिला भात संपला. धाकटीने वाढणाऱ्या मावशींना मोठ्याने हाक मारली, "मावशी, मला अजून भात वाढा."

"आली, आली! डबल परत आली!" ताई म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

"हो ताई, मला जास्त लागतं." धाकटी उभी राहिली. "ते लपवायला मी उपाशी राहिले आणि त्यापायी हिचा हात भाजला. आणि हिला मुंगी म्हणाले, ते माझं चुकलं. सगळ्यांसमोर म्हणाले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागते."

मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलीने आपलं ताट हळूच पुढे सरकवलं. "मावशी, मलाही वाढा. मी रोज अर्धपोटी उठते."

"तू पण?" तिच्या शेजारची ओरडली. "अगं, मला वाटलं मीच एकटी!"

काय सांगावं! अख्खं टेबल एकमेकींना भिऊन भुकेलं बसलं होतं! ताईच्या स्वतःच्या ताटात मात्र चमचाभरच भात होता. तो तसाच टाकून ती उठून गेली.

संध्याकाळी ती दोघींच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"आमच्या घरी आजी वाढते," ती म्हणाली. "भावांना वाढताना हात सैल, मला वाढताना आखडता. मुलीच्या जातीला एवढं खाणं शोभत नाही म्हणायची. मला वाटलं, इथे येऊन मी सुटले. पण मी तर इथे आजीचीच जागा घेऊन बसले गं!"

चष्मेवालीने खाटेवर तिच्यासाठी जागा केली. ताई बसली, आणि तिने त्या भाजल्या मनगटाखाली उशी सरकवली.

सुट्टीत ताई घरी गेली. पहिल्याच जेवणाला तिची लहान बहीण रिकामं ताट घेऊन बसून राहिली होती. मागायचा धीर होत नव्हता. ताईने भाताचं पातेलं आजीपुढे सरकवलं.

"आजी, तिला वाढ. भूक तिची आहे, तिलाच ठरवू दे."

"आता तू मला शिकवणार?" आजी म्हणाली. पण तिचा हात हवेतच थांबला. तिने लहान नातीच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "मलाही कुणी कधी विचारलं नव्हतं गं," ती हलकेच म्हणाली, आणि तिने डाव भरून भात वाढला.

मंडळी, आपणही रोज कुणाच्या ना कुणाच्या शेजारी जेवायला बसतो. घरी, कचेरीत, पाहुण्यांकडे. "एवढंच?" किंवा "एवढं?" हे आपण गमतीने म्हणतो आणि विसरून जातो. ज्याला म्हणतो, तो विसरत नाही. किती खायचं आणि किती वेळात खायचं, हे ज्याचं त्याच्या पोटावर सोडावं. शेजारी बसलेल्याने हात पुढे करावा तो फक्त वाढण्यासाठी.