दोन वाट्या बासुंदी

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी अर्पिताला बेंबळीच्या दवाखान्यात आणलं. सातवा महिना. रात्रीपासून बारा जुलाब, अंगात ताप, आणि पहाटेपासून बाळाची हालचाल कमी. आदल्या दिवशी तिच्या डोहाळजेवणाला आलेल्या नऊजणी आधीच व्हरांड्यात पोट धरून बसल्या होत्या.

रुकसाना सिस्टरनं सलाइन लावलं आणि वही उघडली.

"काय खाल्लं होतं?"

"बासुंदी," सासू शांताक्का म्हणाली. "इहीणबाईंनी लोहाऱ्याहून आणलेली."

"कधी केली?"

अर्पिताची आई मथुराबाई खाटेच्या दांडीला धरून उभी होती. "शनिवारीच. सकाळी."

"दोन गाड्या बदलून अकराला इथं पोचलात, असं बाहेरच्या सांगत होत्या. मग एवढं दूध आटवलं कधी, मावशी?"

मथुराबाईनं पदर तोंडाला लावला. "शुक्रवारी सांजंला. गरम गरमच डब्यात भरली, वर गोधडी गुंडाळली. वाटलं, ऊन राह्यली तर टिकंल."

"रातभर कोमट राहिली, म्हणून तर नासली." सिस्टरनं नाडी धरली. "बाहेरच्या उद्यापर्यंत उठतील. हिचं तसं न्हाय. पोटुशी बाई, तान्हं लेकरू, म्हातारं माणूस, यांना जास्त बाधतं. हिनं किती खाल्ली?"

"दोन वाट्या," शांताक्का म्हणाली. "बाकीच्यांनी चमचा चमचा. मान तिचा व्हता."

"आंबूस लागली न्हाय कुणालाच?"



"मी म्हणले होते," अर्पिता डोळे न उघडता म्हणाली. "पहिल्याच घासाला."

म्हणाली होती. तेव्हा बायकांत हशा पिकला होता. 'डोहाळ्यानं जिभंची चव गेलीय हिच्या. खा मुकाट्यानं,' असं मथुराबाईच म्हणाली होती. दुसरी वाटी शांताक्कानं भरली होती, स्वतः चमचाभर खाऊन झाल्यावर.

मथुराबाईनं मान वर केली. "तुम्ही चाखली व्हती की."

"चाखली."

"मग कळलं न्हाय?"

"कळलं." शांताक्का सुनेच्या पायावरची चादर सारखी करत राहिली. "एवढ्या बायांत तुमचा डबा माघारी कसा लावू, इहीणबाई?"

अकरा पन्नासला रुग्णवाहिका धाराशिवकडं निघाली. आत अर्पिता, तिचा नवरा युवराज आणि सिस्टर. दोघी विहिणी व्हरांड्यात राहिल्या, बाकाच्या दोन टोकांना.

बारा चाळीसला युवराजचा फोन आला. पोचलो, बाळाचे ठोके लागतायत, पण मंद आहेत, डॉक्टरांनी आत घेतलंय.

दीड वाजेपर्यंत त्याचा दुसरा फोन आलेला नव्हता.