सातवी गाठ

मी भीमसिंगाचा फौजी चंबू बोलतोय. थोडकंच बोलेन. मालकाची सवय लागली आहे.

माझा जन्म कानपूरकडच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी पत्रा, वर निळा मुलामा, अंगाभोवती खाकी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. तोंडाला बूच आणि बुचाला लांब दोरी. फौजेत मला ‘बोतल’ म्हणत. भीमसिंग मला चंबू म्हणायचा. मला तेच बरं वाटलं.

भीमसिंग आणि बुध्या खापर गावाच्या वरच्या डोंगरातले. पहिल्या मोठ्या लढाईत दोघं समुद्रापार इराकात, बसऱ्याकडे गेले. बंदूक मिळाली नाही, खेचरं मिळाली. खेचरांच्या पाठीवर पाण्याच्या पखाली घालायच्या आणि पुढच्या ठाण्यांवर पोचवायच्या. काम हलकं नव्हतं. तहानलेल्या शिपायाला विचारा.

एकदा एका वाळूच्या टेकाडावर आमचं ठाणं वेढलं गेलं. साहेब म्हणाला, पाच दिवस धरा, कुमक येते. भीमसिंगाने माझ्या दोरीला पाच गाठी मारल्या. डोंगरातली रीतच आहे ती. लग्नाचं बोलावणं धाडायचं तर दोरीला गाठी मारून धाडतात. पाहुणा रोज एक गाठ सोडतो. गाठी संपल्या की तो दिवस आला.

पाच गाठी सुटल्या. कुमक आली नाही. मग भीमसिंगाने उलट मोजणं सुरू केलं आणि सहाव्या दिवसाची नवी गाठ मारली. त्याच दिवशी त्याच्या हाताला गोळी लागली. सातव्या दिवसाची गाठ बुध्याने मारली. मग मला गळ्यात घालून तो नदीवर गेला. मला भरलं. परतताना तो गोळी लागून पडला. भीमसिंग सरपटत गेला आणि मला घेऊन आला. त्या पाण्यावर भीमसिंग संध्याकाळपर्यंत जगला. संध्याकाळी कुमक आली. बुध्या वाळूतच राहिला.

सरकारी कागदावर बुध्यापुढे ‘बेपत्ता’ लिहिलं होतं. आमच्या डोंगरात अकाली मेलेल्याच्या नावाने सागाचा कोरीव खांब उभा करतात. पळून गेलेल्याचा करत नाहीत. गावचा कारभारी जेठ्या बुध्याच्या आईला, रूपीबाईला, म्हणाला, “भीमसिंग त्याचा मित्र. मित्राचा शब्द मित्रासाठी असतो. कागद दाखव.”

कागद कुठून आणणार? दहा वर्षं गेली. मी भीमसिंगाच्या झोपडीत आढ्याला टांगून होतो. बनात कसरीने खाल्ली. दोरीला मात्र त्याने कोणाला हात लावू दिला नाही.

मग पुस्तक आलं.

साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदाराने त्या लढाईचा इतिहास मराठीत लिहिला होता. पुण्याच्या वर्तमानपत्राने नकाशांची वाखाणणी केली. मुंबईच्या पत्राने लिहिलं, ग्रंथ उत्तम, मात्र खेचरांवर इतकी पानं कशाला? धुळ्याच्या एका साप्ताहिकाने नंदुरबारच्या हिलाल मास्तरांना अभिप्राय मागितला. मास्तर शाळेत शिकवत आणि वाचनालय सांभाळत. बाजाराच्या दिवशी ते पुस्तक मोठ्याने वाचतात, ही बातमी खापरपर्यंत आली. भीमसिंगाने चारोळीचं गाठोडं डोक्यावर घेतलं, मला खांद्याला अडकवलं आणि दोन दिवस चालला.

वाचनालयात तो दाराशी बसला.

“दादा, वर बठा,” मास्तर म्हणाले.

“आठेच बरं शे. वाचा.”

मास्तरांनी वाचलं. ओझ्याने खेचराची पाठ कशी सोलवटते, पखालीचं पाणी दुपारी कसं कढत होतं, वाळू भाकरीत कशी येते. भीमसिंग मधूनच म्हणायचा, “खरं शे.” एका पानाला तो म्हणाला, “परत वाचा.” मास्तरांनी परत वाचलं. माझ्या मालकाला मी असा कधी पाहिला नव्हता. कोणीतरी त्याचं आयुष्य त्याला वाचून दाखवत होतं, आणि ते बरोबर होतं.

मास्तरांनी मुंबईच्या पत्राची तक्रार सांगितली.

“त्याले सांगा,” भीमसिंग म्हणाला, “तोफमाईन पानी येत नही.”

सगळे हसले. मास्तरांनी ते वाक्य टिपून घेतलं.

मग आमच्या टेकाडाचं पान आलं. ‘पाचव्या दिवशी ठाणे सोडले. एक पखालवाला त्यापूर्वीच पळून गेला.’

भीमसिंग उठला नाही. आवाजही चढला नाही. “तो पयना नही,” तो म्हणाला. “पानी लेवाले गया. सातवा दिनले.”

मिरचीचा व्यापारी मगन तिथे वर्तमानपत्र चाळत होता. “छापेल खोटं कसं व्हई रे भाऊ?”

भीमसिंगाने मला मास्तरांपुढे ठेवलं आणि दोरी उलगडली.

“आठे तं दोनच गाठी शेतस,” मास्तर म्हणाले.

“पाच सोड्यात. मंग दोन बांध्यात.”

“हाऊ दोरीवरना इतिहास,” मगन म्हणाला. “आते पोथी खोटी आनि दोरी खरी!”

मास्तर हसले नाहीत. त्यांनी दोरी उजेडात धरली. जिथे पाच गाठी होत्या तिथे पीळ अजून दबलेला होता. मग त्यांनी उरलेल्या दोन पाहिल्या. एकीचा फास उजवीकडे, दुसरीचा डावीकडे.

“हाई सातवी मन्हा हातनी नही,” भीमसिंग म्हणाला. “मन्हा हातले गोळी लागेल व्हती. बुध्यानी शे. तो डावखोरा व्हता. पाचवा दिनले पयना, तं सातवी कोनी बांधी?”

मास्तरांनी मेजावरचं पाकीट हातात घेतलं. त्यांचा अभिप्राय लिहून झाला होता. चार पानं, नुसती स्तुती. पाकीट टपालात टाकायचंच राहिलं होतं. ज्या लेखकाला त्यांनी मनातल्या मनात सलाम ठोकला, त्यालाच आता चूक दाखवायची होती, आणि तीही एका दोरीवरून.

“दादा, इतलं चांगलं पुस्तक शे,” ते हळू म्हणाले.

“चांगलं शे म्हनीसनच सांगस. वाईट ऱ्हातं तं मी उठी जातू.”

मास्तरांनी पाकीट फोडलं. स्तुतीचा एक शब्द कमी केला नाही. शेवटी गाठींची हकीकत जोडली आणि एक प्रत सुभेदारांना धाडली. मी बरीच माणसं पाहिली आहेत. आवडलेल्या माणसाला खरं सांगणारी थोडी.

दीड महिन्याने उत्तर आलं. सुभेदारांनी लिहिलं होतं, ‘त्या ठाण्याचा मजकूर मी तेथील साहेबांच्या रोजनिशीवरून घेतला. आपले पत्र आल्यावर पुन्हा चौकशी केली. साहेब पाचव्या दिवशी जखमी होऊन बेशुद्ध पडले होते. पुढचे त्यांनी पाहिलेच नाही, नंतर ऐकीव माहितीवरून लिहिले. ठाणे सातव्या दिवशी सुटले, आणि तेही कुमक आल्यावर. हे मला आधी विचारता आले असते. पुण्यामुंबईच्या टीकाकारांनी माझी भाषा तपासली. माझे दिवस एका पखालवाल्याने तपासले. त्यांना माझा रामराम सांगावा.’ सोबत छापील शुद्धिपत्र होतं. त्यात बुध्याचं नाव होतं आणि पुढे ‘पाणी आणताना कामी आला’ असं होतं.

मास्तरांनी खळ लावून ते पुस्तकात चिकटवलं, आणि पुस्तक घेऊन स्वतः डोंगर चढले. भीमसिंगाने त्यांचं वाचणं भिली बोलीत सांगितलं. जेठ्याला अक्षर येत नव्हतं. त्याने चिकटवलेल्या कागदावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “यात त्याचं नाव कुठे आहे?” मास्तरांनी दाखवलं. त्याने तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

“साग मी देतो,” तो म्हणाला.

खांब उभा राहिला. सुताराने घोडेस्वार कोरायला घेतला होता. भीमसिंग म्हणाला, खेचर कोर. त्याने खेचर कोरलं.

त्या दिवशी भीमसिंगाने माझी दोरी रूपीबाईच्या हातात दिली. दिवस आला होता. रीतीप्रमाणे गाठी सोडायच्या होत्या. तिने सहावी सोडली. सातवीवर तिची बोटं थांबली. डावीकडचा फास तिने ओळखला. घरच्या धनुष्याच्या दोरीला बुध्याने तशीच गाठ मारलेली होती.

“ही राहू दे,” ती म्हणाली. “त्याचा हात आहे.”

तेव्हापासून मी या खांबाला टांगलेला आहे. भीमसिंग गेला. मुलामा उडाला, बूच हरवलं. कोणी मला त्या पुस्तकाबद्दल विचारत नाही, पण माझंही मत ऐका. पुस्तक चांगलं आहे. वाचताना चिकटवलेला कागद सोडू नका. आणि या वाटेने आलात तर माझ्यात ओंजळभर पाणी घाला. गाठीला मात्र हात लावू नका.