मधलं नाव कॅमक

रॉडनी कॅमकने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लोण्याच्या बशीला टेकवून, स्वतःच्या थुंकीने भरलेली नळी उभी केली आणि म्हणाला, "एव्हिस, जपून हाताळा हं. यात जेबेझ आहे."

मी लोणी उचलून कपाटात ठेवलं. तो गेल्यावर ते टाकूनच दिलं.

लोकांचे पूर्वज शोधून देणं हा माझा जोडधंदा. पोटापाण्याला शाळेच्या मुदपाकखान्यात आहे, पोरांना बटाटे उकडून घालते. माझी स्वतःची शाळा लवकरच सुटली. नवरा गेल्यावर त्याच्या आजीचं माहेर शोधायला बसले, जुनी वाकडी अक्षरं आपली आपण लावायला शिकले आणि मग आसपासच्या गावांतून लोक यायला लागले. प्रत्येकाला वाटतं, आपल्या घराण्यात एखादा लॉर्ड निघावा. निघतात ते गडी, मोलकरणी आणि डुकरं राखणारे. मला ती माणसं आवडतात. त्यांच्या वंशजांबद्दल तसं छातीठोकपणे सांगवत नाही.

रॉडनीच्या घराण्यात निदान शेतकरी तरी होता. त्याचा खापरपणजोबा जेबेझ कॅमक हा राणी व्हिक्टोरियाच्या काळात आमच्या गावचा सगळ्यात मोठा जमीनवाला, वर चर्चचा कारभारी. रॉडनी लंडनच्या बाजूला घरं विकून निवृत्त झालेला. गाल साबणाच्या वडीसारखे. आमच्या पाणथळ मुलखात हिवाळ्यात शेतात राहिलेला कोबी सडतो आणि त्याचा वास पडद्यांतसुद्धा मुरतो. रॉडनी गाडीतून उतरायचा तोच रुमाल नाकाला लावून. तरी म्हणायचा, "ही माझी माती!"

त्याला जेबेझचे जगभर पांगलेले वंशज शोधून हवे होते. उन्हाळ्यात सगळ्यांना गावात गोळा करायचं, जेवण घालायचं, आणि चर्चच्या भिंतीला एक दगड बसवायचा. वर जेबेझ, शेजारी त्याची बायको, खाली त्यांची सगळी मुलं.

"आणि थुंकी कशाला?" मी विचारलं.

"तिच्यावरून रक्ताचं नातं तपासता येतं. भलतं कुणी घुसायला नको ना. हल्ली लोक काहीही सांगतात."

मी कामाला लागले. कॅनडातले सापडले, ऑस्ट्रेलियातले सापडले. गावच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत जेबेझची लग्नाची मुलं ओळीने होती. आणि त्यांच्या मधेमधे आणखी चार पोरं होती. विल्यम कॅमक ड्रिंग. सेरा कॅमक पेल. जोब कॅमक शार्मन. रूथ कॅमक टास्कर. चौघांच्या आया वेगळ्या आणि बापाची जागा चारही ठिकाणी कोरी.

रॉडनीने ती नावं वाचली आणि त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले.

"काय लोभ होता हो गावाचा त्यांच्यावर! बाया आपल्या पोरांना त्यांचं नाव द्यायच्या. हे मी भाषणात घेणार."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. आमच्या गावातलं शेंबडं पोरही इथे फिदीफिदी हसलं असतं.

"अहो रॉडनी, लोभ कसला? लग्नाविना पोर झालं आणि बापाने हात झटकले, तर आई पोराला मधलं नाव म्हणून बापाचं आडनाव लावायची. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याला ते मोठ्याने म्हणावंच लागायचं. सगळं गाव ऐकायचं. पुढच्या बाकावर कारभारी बसलेला असायचा, तोही ऐकायचा. त्या बाईला तक्रार करायला दुसरी जागाच नव्हती."

"चारही?"

"चारही. मे महिन्यात बाजाराच्या चौकात पोरी उभ्या राहायच्या, शेतकरी त्यांना वर्षभराच्या बोलीवर घरकामाला न्यायचे. जेबेझने नेलेली पोरगी पोटुशी होऊन परत जायची आणि तो पुढच्या मेमध्ये नवी आणायचा. मेरी ड्रिंग पंधरा वर्षांची होती."

रॉडनीने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून तळाशी गेलं. त्याने दोन बोटं कपात घालून तो लगदा बाहेर काढला आणि खाल्ला.

"तो काळच वेगळा होता," तो बोटं चाटत म्हणाला. "आणि पुरावा काय?"

किळस दोन जातींची असते. जेबेझची किळस जुनी, वाळलेली. तिच्यावर शंभर-दीडशे पावसाळे पडून गेलेत. दुसरी ओली असते. ती समोर बसून बिस्किट खाते.

मेरी ड्रिंगची खापरपणती गावातच राहते. थर्झामावशी. ऐंशी उलटली आहे, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. दगडाची बातमी तिला मी सांगायच्या आधीच कळलेली होती. मी गेले तेव्हा ती चुलीवर डुकराचं डोकं उकडत होती. भांड्यातून एक कान वर आला होता.

"बस गं. तोंड काय वाकडं करतेस, तुला नाही वाढणार," ती म्हणाली. "त्या रुमालवाल्याला सांग, माझ्या पणजोबाचं नाव दगडावर पाहिजे."

"मावशी, तो पुरावा मागतोय."

"पुरावा? अगं, माझ्या आजोबांनी मला ताटलीची गोष्ट सांगितली होती, ती ऐक. डुकर कापलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना काळजा-आतड्याची ताटली पाठवायची, हे तुला माहीत आहे. आणि ताटली परत करताना?"

"धुवायची नाही. रक्ता-चरबीसकट तशीच द्यायची. धुतली तर देणाऱ्याचं खारवलेलं मांस सडतं."

"तर एका हिवाळ्यात जेबेझच्या बायकोने मेरीला ताटली पाठवली. पोर रांगायला लागल्यावर. लाज वाटली असेल, की तोंड बंद करायचं असेल, देव जाणे. मेरीने मांस कुत्र्याला घातलं. मग ती ताटली राखेने घासली, मागून-पुढून, आरशासारखी. आणि भर दिवसा, चर्च सुटायच्या वेळी, सगळ्यांच्या देखत कॅमकांच्या दारात नेऊन ठेवली."

"मग? सडलं का मांस?"

"सडलं म्हणायचे आजोबा. मला काय ठाऊक? मी होते का चाखायला?" ती हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "दे इकडे ती नळी. कुठे थुंकायचं?"

थर्झामावशीने थुंकीही अशी दिली की जणू जेबेझ समोर उभा आहे.

निकाल आला. रॉडनी आणि थर्झा ड्रिंग एका रक्ताचे. संशयाला जागा नाही. मला वाटलं होतं, रॉडनी आता दोन दिवस अंथरुणाला खिळेल. छे! तो टवटवीत होऊन आला.

"तारुण्यातली चूक," तो म्हणाला. "कुणाच्या हातून होत नाही? विल्यमला आपण कुटुंबात घेऊ. मोठ्या मनाने."

"आणि बाकीचे तीन?"

"त्यांनी कुठे तपासणी केली आहे? त्यांच्या बाबतीत लोभच समजायचा."

विल्यमच्या वेळी जेबेझ पंचेचाळिशीचा होता. हे मी त्याला सांगितलं. त्याने रुमाल काढला.

थर्झामावशीपाशी मी त्याला स्वतः घेऊन गेले. मावशी खुर्चीतून उठली नाही.

"नाव कसं कोराल?" तिने विचारलं.

"कसं म्हणजे? इतर मुलांसारखं."

"इतर मुलांसारखं नको. विल्यम कॅमक ड्रिंग. तीनही शब्द. मला तुमच्या कुटुंबात यायचं नाही, बाबा. मला माझ्या घरची माणसं पुरून उरली आहेत. पण दगड वाचणाऱ्याने थबकावं आणि विचारावं, की कॅमकांच्या ओळीत हा ड्रिंग कोण? मेरीने ते नाव एकदाच, चर्चमध्ये, पाद्र्याच्या तोंडून वदवलं. हवेत विरलं ते. मला ते दगडात पाहिजे."

"अर्थात, अर्थात," रॉडनी म्हणाला आणि तिचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. तो गेल्यावर मावशीने हात एप्रनला पुसला.

जुलैत मंडळी जमली. प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी आणि तिच्यावर रंगीत ठिपका; कोणत्या मुलाचा वंशज ते ओळखायला. शाळेतल्या जेवणाच्या डब्यांना मी असेच ठिपके लावते. थर्झामावशीला तिचा ठेवणीतला निळा कोट घालून मी हाताला धरून नेलं. तिचा ठिपका राखाडी होता.

चर्चच्या भिंतीपाशी रॉडनीने दोरी ओढली, कापड पडलं, टाळ्या झाल्या. मावशीचा चष्मा धुरकटलेला. तिने माझ्या कोपराला चिमटा काढला. "वाच."

मी वाचलं. जेबेझ. त्याची बायको. मग जॉन, विल्यम, एलायझा, आणि पुढची पाच.

"विल्यम, पुढे?"

"नुसतंच विल्यम, मावशी."

खाली, जिथे दोन शब्द सहज मावले असते तिथे, ठसठशीत अक्षरांत 'उभारणारा: रॉडनी जेम्स कॅमक' असं होतं.

 मावशीचा हात माझ्या हातात होता, तो एकदम जड झाला, एवढंच मला कळलं.

जेवण गावच्या सभागृहात. डुकराच्या मांसाच्या थंड वड्या, कोथिंबिरीसारखा पाला भरलेलं चरबीचं मांस, मनुक्यांचा पाव. खिडक्या बंद, उकाडा, आणि चरबीला सुटलेला घाम. रॉडनी पेला वाजवून उभा राहिला. त्याने माती सांगितली, घाम सांगितला, बायबल सांगितलं. आणि मग, माझ्याकडे बघायचं टाळून, म्हणाला, "गावाचं त्यांच्यावर इतकं प्रेम, की गरीब माऊल्या आपल्या लेकरांना हौसेने त्यांचं नाव द्यायच्या."

माझ्या तोंडात पावाचा घास होता. तो मी नॅपकिनमध्ये काढला.

"रॉडनी," थर्झामावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "तुझं मधलं नाव काय रे बाळा?"

"जेम्स," तो हसून म्हणाला.

"कोण हा जेम्स? तुझ्या आईचा त्याच्यावर फार लोभ होता का?"

कॅनडावाले हसले. मग हळूहळू थांबले, कारण मावशी हसत नव्हती. ती टेबलाला रेटा देऊन उभी राहिली.

"मेरी ड्रिंग, वय पंधरा. तिच्यानंतर हॅना पेल, सोळा. मग सुझन शार्मन. मग ती टास्करांची मुकी पोर, तिचं नाव घेताना माझे आजोबा डोक्यावरची टोपी काढायचे. सगळ्या तुमच्या जेबेझच्या मोलकरणी. त्यांची हौस विचारायला कुणी गेलं नव्हतं. तुम्ही खा, खा. वड्या चांगल्या झाल्यात."

कुणी खाल्लं नाही, असं मला लिहायचं होतं. पण खाल्लं. काट्यांचे आवाज थोड्या वेळाने परत सुरू झाले. पिवळ्या ठिपक्याचे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "लहान मुलं आहेत इथे, काही भान?" निळ्या ठिपक्याची एक बाई डोळे पुसत आली आणि मावशीसोबत फोनवर व्हिडिओ काढू लागली. दुसऱ्या कुणीतरी मोहरीची वाटी पुढे सरकवायला सांगितली. मी आयुष्यभर उष्टी ताटं खरवडली आहेत. समोरचं ताट मी तसंच भरलेलं दूर सरकवलं.

रॉडनी घाईघाईने आमच्यापाशी आला. घामाने त्याच्या नावाची चिठ्ठी सुटून लोंबत होती.

"थर्झा, जागेचा प्रश्न झाला हो. पाथरवटाने माप चुकवलं. पण विल्यमला घेतलंच ना आपण? तो आता आमचाच."

दोन खुर्च्या सोडून पाथरवट जेवत होता. त्याने मान वर केली. "माप मी नाही चुकवलं. कागदावर होतं तेच कोरलं."

"ऐकलंस?" मावशी म्हणाली. "तुमचा झाला तो. मेरीने त्याला तुमचा होऊ दिला नव्हता, फक्त तुमचं नाव चव्हाट्यावर आणलं होतं. तू तिला पुसून त्याला तेवढा उचललास." मग ती पाथरवटाकडे वळली. "काय रे, कोरलेलं खोडता येतं का?"

"खोडता नाही येत, बाई. आजूबाजूचा दगड तासून काढावा लागतो. खड्डा राहतो. वाईट दिसतं."

"किती वाईट?"

"फार. लांबूनही दिसतं."

"मग तास."

"दगड माझा आहे!" रॉडनी जवळजवळ किंचाळला.

"आणि पणजोबा माझा," मावशी म्हणाली. "तुझ्या नळीनेच सांगितलं ना?"

पाद्री मोहरीचं बोट नॅपकिनला पुसत उभा होता. भिंत चर्चची, तेव्हा हो किंवा नाही त्याने म्हणायचं. त्याने रॉडनीकडे पाहिलं, भरल्या सभागृहाकडे पाहिलं, मग निळ्या ठिपक्याच्या बाईच्या फोनकडे, जो अजून चालूच होता. "नातलगाची हरकत असेल, तर ते नाव ठेवता येणार नाही," तो म्हणाला. धैर्याने नाही, भीतीने म्हणाला. पण म्हणाला.

पाथरवटाने पुढच्या आठवड्यात काम केलं. मी मावशीला बघायला घेऊन गेले. जॉन आणि एलायझा यांच्यामध्ये, सुंदर गुळगुळीत दगडात, ओरबाडल्यासारखा खोलगट खळगा. आत पावसाचं पाणी साचलेलं, कडेला एक गोगलगाय चिकटलेली, तिचा चिकट माग थेट जेबेझपर्यंत गेलेला. मी तो रुमालाने पुसायला गेले.

"राहू दे गं," मावशी म्हणाली.

"काय घाण दिसतंय, मावशी."

"दिसायलाच पाहिजे." तिने खळग्यात बोट घालून तळ चाचपला. पाणी गढूळ झालं. "बाकीच्या तिघांनाही वंशज असतील की, पोरी. शोधशील?"

"त्यांच्याकडून मागायचं काय? दगड?"

"मागायचं काही नाही. आयांची नावं सांगायची फक्त." आणि ते ओलं बोट तिने या खेपेला एप्रनला नाही, माझ्या बाहीला पुसलं.